डाव्या वळणावरील टक्कर : दोष कोणाचा, हे कसे ठरते?

राज्यमार्गावरून गावाकडे फुटणारा फाटा, कोपऱ्यावर चहाची टपरी, बसथांब्याची शेड आणि थोडे पुढे शाळेची कमान, हे दृश्य महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात आढळते. अशाच एखाद्या फाट्यावर एक मोटारगाडी डावीकडे वळते आणि त्याच क्षणी तिच्या डाव्या अंगाने सरळ निघालेली मोटारसायकल तिच्यावर आदळते. क्षणार्धात गर्दी जमते आणि जखमीला उचलण्यापूर्वीच निवाडा सुरू होतो. कोणी म्हणतो, "मोठ्या गाडीचीच चूक." कोणी म्हणतो, "हल्लीची पोरे गाड्या अशाच दामटतात." ही दोन्ही मते रस्त्याकडे न पाहताच बनलेली असतात.

दोष कोणाचा, हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. अपघातात घरातील कमावता माणूस गेला, तर त्याच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मिळेल की नाही आणि मिळाली तर किती, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. दुसऱ्या बाजूला, ज्याची चूक नव्हती अशा चालकावर फौजदारी खटला उभा राहू शकतो. म्हणून दोष ठरविण्याची रीत समजून घेणे हे केवळ पोलिसांचे आणि वकिलांचे काम नव्हे. घटनास्थळ पंचनाम्याला पंच म्हणून ज्यांना बोलावले जाते ते ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांनाही ती ठाऊक असणे अगत्याचे आहे.

डावे वळण आणि उजवे वळण

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्या वाहनाला समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागते, तर डावीकडे वळताना ती आडवी येत नाही. याच कारणाने डावे वळण सोपे समजले जाते आणि चालक तेथे गाफील राहतो. डाव्या वळणावरचा धोका समोरून येत नाही. तो मागून आणि बाजूने येतो. चालकाची नजर फाट्यातून बाहेर येणाऱ्या वाहनांकडे लागलेली असते. मागून डाव्या अंगाने येणारी दुचाकी आरशात दिसेनाशी होण्याची एक जागा असते आणि नेमकी त्याच जागेत ती असताना गाडी वळविली जाते.

अमेरिकेसारख्या देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात. तेथील डावे वळण म्हणजे आपल्याकडील उजवे वळण होय. त्या देशातील लॉस एंजेलिस परिसरात ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी करण्यात आली आणि तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता, असे त्यात आढळून आले. अनेक चालकांना मोटारसायकल दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली होती. देश आणि रस्त्याची बाजू बदलली, तरी यातील बोध आपल्यालाही लागू आहे. "मला ती दिसलीच नाही" हे वाक्य बहुधा खरे असते. परंतु त्याने दोष जात नाही. पाहणे हेच चालकाचे पहिले कर्तव्य आहे.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११८ खाली केंद्र शासनाने २०१७ साली वाहन चालविण्यासंबंधीचे विनियम केले. त्यापूर्वी १९८९ चे रस्ता विनियम अमलात होते. या नियमांचा डाव्या वळणापुरता सारांश असा : वळणाऱ्या वाहनाने वळण्यापूर्वीच रस्त्याच्या डाव्या कडेला यावे, मागील रहदारी पाहावी, पुरेसे आधी इशारा द्यावा, वेग कमी करावा आणि ज्या रस्त्यावर शिरावयाचे त्याच्याही डाव्या कडेनेच शिरावे.

मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारावरही कर्तव्ये आहेत. त्याने पुढील वाहनापासून पुरेसे अंतर ठेवावे आणि रस्ते मिळतात त्या ठिकाणी वेग कमी करावा. पुढील वाहनाला ओलांडावयाचे असेल, तर ते त्याच्या उजव्या बाजूने ओलांडावे. डाव्या बाजूने पुढे जाण्याची मुभा अपवादानेच आहे. उदाहरणार्थ, पुढील वाहन उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकले असेल, तर त्याच्या डावीकडून जाता येते.

म्हणजे दोघांवरही जबाबदारी आहे. त्या विशिष्ट क्षणी कोणाचे कोणते कर्तव्य होते, ते कोणी मोडले आणि त्या मोडण्यामुळेच टक्कर झाली काय, या तीन पायऱ्यांनी दोष ठरतो. वाहनाचा आकार, चालकाचे वय किंवा त्याचा गाव या पायऱ्यांत कोठेही येत नाही.

एकच टक्कर, तीन प्रकार

बाहेरून सारखीच दिसणारी ही टक्कर प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या प्रकारांनी घडू शकते.

पहिल्या प्रकारात मोटारसायकल डाव्या कडेने आपल्या वाटेने जात असते. मोटारगाडी तिला उजवीकडून मागे टाकते आणि लगेच तिच्यासमोरून डावीकडे वळते. मोटारसायकलस्वाराला थांबण्यास जागाच उरत नाही. येथे दोषाचा भार मोटारचालकावर पडतो. नुकतेच मागे टाकलेले वाहन आपल्या डाव्या हाताला आहे, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

दुसऱ्या प्रकारात मोटारगाडी आधीच डाव्या कडेला आलेली असते, इंडिकेटर लागलेला असतो, वेग उतरलेला असतो आणि तिचे वळण सुरू झालेले असते. मागून वेगाने येणारा मोटारसायकलस्वार थांबण्याऐवजी साइडपट्टीवरून तिच्या डावीकडून पुढे निघू पाहतो. येथे दोष मुख्यतः मोटारसायकलस्वाराचा ठरतो.

तिसरा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा आहे. मोटारगाडी रस्त्याच्या मध्यावर किंवा त्याच्याही उजवीकडे असते आणि तेथून एकदम डावीकडे वळते. तिच्या डाव्या बाजूला मोकळी जागा पाहून मागील स्वाराने ती सरळ किंवा उजवीकडे जाणार असा अंदाज बांधलेला असतो. चालकाने कडेला न येता आडवे वळण घेतले. स्वारानेही फाट्यावर वेग न उतरविता डावीकडून ओलांडले. येथे दोष दोघांत विभागला जाण्याचा संभव अधिक असतो.

या तिन्हींत भेद कसा करावयाचा? त्यासाठी चार प्रश्न विचारावेत. वळण्यापूर्वी मोटारगाडी रस्त्याच्या कोणत्या भागात होती? इशारा वळणाच्या किती आधी दिला गेला? मोटारसायकल आधीपासून बाजूला होती की मागून आली? आणि शेवटी, दोघांपैकी कोणाला टक्कर टाळण्याइतका अवधी होता? इशाऱ्याबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. चाक वळविताना लावलेला दिवा हा इशारा नव्हे. त्याने मागच्याला सावध होण्यास वेळ मिळत नाही.

रस्ता देतो ती साक्ष

या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या जबान्यांतून मिळतात, तशीच ती रस्त्यावरील खुणांतूनही मिळतात. टकरीच्या क्षणी काचेचे तुकडे आणि मडगार्डखालचा वाळलेला चिखल खाली पडतो. हा चिखल बहुधा टकरीच्या जागेजवळच पडतो. वाहने मात्र पुढे घसरत जातात. म्हणून वाहने शेवटी जेथे थांबली ती जागा आणि जेथे टक्कर झाली ती जागा या दोन्ही वेगळ्या नोंदवाव्या लागतात. आडवी पडलेली मोटारसायकल डांबरावर फूटरेस्टचे आणि हँडलचे ओरखडे उठविते. ओरखड्यांची सुरुवात आणि दिशा यांवरून ती कोठे पडली व कोणीकडे घसरली, हे कळते.

वाहनांवरील माराची जागाही बोलकी असते. मोटारगाडीच्या डाव्या बाजूच्या पुढील भागावर मार असेल आणि मोटारसायकलची उजवी बाजू घासलेली असेल, तर दोन्ही वाहने शेजारी असताना गाडी वळली असावी, असे अनुमान निघते. मार मोटारगाडीच्या मागील डाव्या दारावर असेल आणि मोटारसायकलचे पुढील चाक वाकलेले असेल, तर गाडी बरीचशी वळून झाल्यावर मोटारसायकल मागून आली असावी, असे वाटते. तथापि ही अनुमानेच होत. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. सर्व खुणा एकमेकींशी जुळतात काय, हे पाहावे. अपघातानंतर वाहने ज्या स्थितीत आढळली, केवळ तेवढ्यावरून कोणा एकाची हयगय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे.

ब्रेकच्या खुणांबाबत जुनी समजूत सुधारणे आवश्यक आहे. रस्त्यावर चाक घासल्याचा काळा पट्टा नाही, म्हणजे ब्रेक लावलाच नाही, असे पूर्वी सर्रास मानले जाई. परंतु चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा असलेल्या वाहनांच्या खुणा फिकट उमटतात किंवा उमटतही नाहीत. १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना ही यंत्रणा २०१९ पासून सक्तीची आहे.

वेग आणि अंतर

धोका दिसणे आणि ब्रेक लागणे यांमध्ये साधारण दीड सेकंद जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन या वेळात सुमारे २१ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर थांबण्यास त्याला आणखी सुमारे १४ मीटर लागतात. एकूण अंतर ३५ मीटर झाले. वेग ताशी ७० किलोमीटर असेल, तर हेच अंतर सुमारे ५७ मीटर होते. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर ते आणखी वाढते. शाळेतील विद्यार्थ्यांना मैदानावर चुन्याच्या रेघा आखून ही दोन अंतरे दाखविता येतील. फाट्यावरील मोटारगाडी मागील स्वाराला किती अंतरावरून दिसत होती, हे मोजले, की टक्कर टाळता आली असती काय, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते.

दोषाची वाटणी

अपघातासंबंधी दोन स्वतंत्र कार्यवाही होतात. पहिली फौजदारी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालविण्यासाठी कलम २८१ आणि हयगयीने मृत्यू घडविण्यासाठी कलम १०६ आहे. येथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसरी कार्यवाही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, नुकसानभरपाईसाठी होते. तेथे कोणत्या बाजूची शक्यता अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली आणि त्यानंतरही वेळोवेळी सांगितले आहे. म्हणून फौजदारी न्यायालयात चालक सुटला, तरी दावा आपोआप बुडत नाही.

न्यायाधिकरणापुढे दोष टक्केवारीत विभागता येतो. समजा, मृत मोटारसायकलस्वाराच्या कुटुंबाची नुकसानभरपाई १६ लाख रुपये ठरली आणि अपघातास स्वाराची स्वतःची हयगय २५ टक्के कारणीभूत होती, असा निष्कर्ष निघाला. अशा वेळी कुटुंबाला १२ लाख रुपये मिळतात. ४ लाख रुपये वजा होतात. यास अंशदायी हयगय म्हणतात. मोटारसायकलच्या मागील आसनावर बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. तो वाहन चालवीत नव्हता. दोन्ही चालकांच्या संयुक्त हयगयीने तो जखमी झाला असेल, तर दोन्हींपैकी कोणत्याही वाहनाच्या मालकाकडून व विमा कंपनीकडून संपूर्ण भरपाई मागण्याचा त्याला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हा निर्णय दिला. मागे बसलेल्या मजुराला किंवा विद्यार्थ्याला, "तुमच्याच गाडीवाल्याची चूक होती" असे सांगून कोणी परत पाठवीत असेल, तर हा नियम त्याच्या कामी येतो.

कशावरून दोष ठरत नाही?

स्वाराकडे परवाना नव्हता, मोटारसायकलवर तिघे बसले होते, डोक्यावर हेल्मेट नव्हते, अशा गोष्टी गर्दीत सर्वप्रथम उच्चारल्या जातात. या सर्व बाबी कायद्याने दंडनीय आहेत आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. परंतु त्यांमुळे टक्कर झाली काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे. परवाना नसणे एवढ्यावरून अंशदायी हयगय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले. तिघे बसले होते एवढ्यावरूनही ती ठरत नाही. त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो, असे २०२० साली सांगितले. हेल्मेट नसल्याने मोटारगाडी वळत नाही. दुखापत त्यामुळे वाढली काय, हे वैद्यकीय पुराव्यावरून वेगळे पाहावे लागते.

हाच न्याय मोटारचालकालाही लागू आहे. तो घटनास्थळावरून निघून गेला, म्हणून टक्कर त्याच्याच दोषाने झाली, असे सिद्ध होत नाही. मात्र जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना खबर देणे हे कलम १३४ खालील कर्तव्य त्याने मोडले असेल, तर त्यासाठी तो स्वतंत्रपणे जबाबदार राहतो.

पंचांचे काम

फाट्यावरील खुणा फार काळ टिकत नाहीत. तासाभरात रहदारी सुरू होते, काचा झाडल्या जातात, एका पावसात चिखल वाहून जातो. दुकानांवरील कॅमेऱ्यांचे चित्रणही काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. उलट, दाव्याची सुनावणी पुष्कळदा दीर्घकाळानंतर होते. तोपर्यंत त्या रस्त्याचे जे काही उरते, ते पंचनाम्याच्या कागदावर. २०२२ पासून अमलात असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. पंचनाम्यात जे राहून गेले, ते या अहवालातही बहुधा राहून जाते.

म्हणून पंच म्हणून उपस्थित राहणाऱ्यांनी पुढील बाबी स्वतः पाहाव्यात आणि त्या नोंदविल्या गेल्या आहेत, याची खात्री करून मगच स्वाक्षरी करावी :

१. जखमींना हलविणे सर्वप्रथम. वाहने हलवावी लागली, तर त्यापूर्वी चाकांच्या जागा खडूने किंवा दगडांनी खुणावून ठेवाव्यात आणि शक्य असल्यास छायाचित्रे घ्यावीत.

२. डांबरी भागाची व दोन्ही साइडपट्ट्यांची रुंदी टेपने मोजावी. "रस्त्याच्या मधोमध" असे मोघम न लिहिता डाव्या कडेपासूनचे अंतर मीटरमध्ये लिहावे.

३. काचा, चिखल, तेल, ओरखडे व ब्रेकच्या खुणा यांच्या जागा एका स्थिर खुणेपासून, उदाहरणार्थ विजेच्या खांबापासून किंवा किलोमीटरच्या दगडापासून, मोजाव्यात. नकाशात उत्तर दिशा दाखवावी.

४. दोन्ही वाहनांवर मार कोठे आहे, जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि इंडिकेटरचा खटका कोणत्या स्थितीत आहे, हे लिहावे. वाहनाची यांत्रिक तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतात. पंचांनी त्यासंबंधी मत देऊ नये.

५. कोपऱ्यावरील झुडूप, फलक, टपरी किंवा उभे वाहन यांमुळे दृष्टी अडत होती काय, दिवा होता काय, फाट्याचा सूचनाफलक होता काय, हे नमूद करावे.

६. प्रत्यक्ष पाहणारे कोण होते आणि परिसरात कोठे कॅमेरे आहेत, ही माहिती तपास अधिकाऱ्यास द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पंचांनी जे पाहिले तेच लिहून द्यावे. "मोटारसायकल भरधाव होती" हे वाक्य ज्याने ती धावताना पाहिली त्याच्या जबानीत शोभते, मागाहून आलेल्या पंचाच्या पंचनाम्यात नव्हे. मृताबद्दलची सहानुभूती किंवा ओळखीच्या चालकाबद्दलची भीड यांपैकी काहीही टेपवरील आकडा बदलू शकत नाही.

साक्ष देण्याची भीती हा आणखी एक अडसर आहे. अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १३४ अ अन्वये जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ग्रामसभेत आणि शाळेत ही माहिती दिली गेल्यास पाहणारे डोळे पाठ फिरवणार नाहीत.

नुकसानभरपाईच्या अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे, ही गोष्टही शोकात बुडालेल्या कुटुंबाच्या कानी वेळेवर घालावयास हवी. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील फाट्यांची वर्षातून एकदा पाहणी करावी, कोपऱ्यावरील झुडपे छाटावीत आणि सूचनाफलकांसाठी बांधकाम विभागाकडे लेखी मागणी करावी. ज्या फाट्यावर वळणारी गाडी आणि मागून येणारी दुचाकी एकमेकांना वेळेवर दिसतात, तेथे दोष कोणाचा हे ठरविण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आणि आलाच, तर चार प्रामाणिक मोजमापे एका कुटुंबाचा हक्क किंवा एका निरपराध चालकाची अब्रू राखू शकतात.